खंडेनवमीचं पिस्तूल

आमच्या घरात काहीही बिघडलं की बाबांचा एकच प्रश्न असे, "काय बदललं?" दही लागलं नाही, काय बदललं? मला, म्हणजे मंजूला, जॉमेट्रीत बी ग्रेड मिळाली, काय बदललं? गाडी सकाळी सुरू होताना खाकरली की बॉनेट उघडण्याआधी ते आई आणि मला ड्राइव्हवेवर उभं करून चौकशी करत. पेट्रोल नेहमीच्याच पंपावर भरलं ना? काल कुणी हीटर चालू ठेवला होता का? आई वैतागून म्हणायची, "अहो, गाडी आहे ती, आजारी पडते कधीमधी." बाबा म्हणायचे, "मशीन आपणहून बिघडत नाही. काहीतरी बदलतं, मग ते बिघडतं. मशीन खोटं बोलत नाही, माणसं बोलतात." माझ्या लहानपणी मला हे वाक्य वेदातलं असावं असं वाटायचं. पुढे कळलं की बाबा वेद वाचत नसत.

ते स्प्रिंगांच्या कारखान्यात क्वालिटीचे मुख्य होते. दिवसभर स्प्रिंगा ताणून, दाबून, तोडून बघायच्या आणि संध्याकाळी घरी येऊन आईच्या पोळ्यांची जाडी तपासायची, असा त्यांचा दिनक्रम. थट्टा करत नाही मी. एकदा पुरणपोळी एका कडेला जाड लागली म्हणून त्यांनी खरोखर मायक्रोमीटर आणला होता. आई नागपूरची, तोंडानं फटकळ. ती म्हणाली, "मोजा, मोजा. आणि मग उपाशी झोपा." बाबा सांगलीचे, त्यांना विदर्भातल्या रागाची सवय कधीच झाली नाही. त्यांनी मायक्रोमीटर मुकाट्यानं डबीत ठेवला आणि पोळी तुपाशी खाल्ली.

नेपरव्हिलच्या त्या घराच्या मागे थोड्या अंतरावर रेल्वेचे रूळ होते. पश्चिमेला वस्ती संपली की मक्याची शेतं सुरू व्हायची, आणि त्या शेतांच्या पलीकडे एका शूटिंग क्लबची मोकळी रेंज होती. बाबांना तिथे नेलं अर्ल काकांनी. अर्ल काका आमच्या शेजारचे, नौदलातून निवृत्त झालेले, मानेवर सुरकुत्यांचं जाळं असलेले गोरे गृहस्थ. आईनं मला सगळ्या मोठ्या माणसांना काका म्हणायला शिकवलं होतं, म्हणून तेही काका झाले. ते क्लबचे रेंज ऑफिसर होते. गोळीबार कधी सुरू करायचा आणि कधी थांबवायचा, हे तिथे फक्त तेच सांगत. बाबा पहिल्यांदा गेले ते नेम धरायला नव्हेच. कुणाचंतरी पिस्तूल दर तिसऱ्या गोळीला अडकत होतं, आणि अर्ल काकांना वाटलं की स्प्रिंगांतलं कळणारा माणूस शेजारी असताना उगाच दुकानात कशाला जायचं. बाबांनी ते उघडून पाहिलं, रिकामं काडतूस ओढून काढणारा आकडा बोटांनी चाचपला आणि म्हणाले, "याचा धातू मऊ आहे. टाका आणि चांगला आणा." तेव्हापासून क्लबमध्ये त्यांना सगळे डॉक म्हणू लागले. रविवारी रेंजवर बाबांच्या टेबलासमोर आपापली पिस्तुलं घेऊन माणसं उभी असत. घरात ज्यांचं कुणी ऐकत नसे त्या माझ्या बाबांचं तिथे गप्प राहून ऐकलं जाई, आणि ते मला फार आवडायचं.

मग एका हिवाळ्यात त्यांनी बेसमेंटमध्ये स्वतःचं पिस्तूल जुळवायला घेतलं. फॉर्टी-फाइव्ह, म्हणजे मोठ्या गोळीचं. सांगाडा जुना, नळी एकाकडची, वरची सरकती स्लाइड दुसऱ्याकडची, बारीकसारीक भाग गन शोमधल्या टेबलांवरून शोधून आणलेले. आणलेल्या भागांपैकी बहुतेक ते नापास करत. भिंगाखाली धरायचे, "हं" म्हणायचे आणि कॉफीच्या रिकाम्या डब्यात टाकायचे. तो डबा खणकन वाजला की वर स्वयंपाकघरात आई म्हणायची, "गेला आणखी एक." पिस्तुलात घोड्याला अडवून धरणारी एक लहानशी खिट्टी असते. चाप ओढला की ती सरकते, घोडा सुटतो आणि गोळी उडते. ती खिट्टी बाबांनी कितीतरी संध्याकाळी दगडावर घासून बसवली. घासायची, पुसायची, भिंग लावायचं, पुन्हा घासायची. हातात धरली तर तांदळाच्या दोन दाण्यांएवढी वस्तू, पण तिच्यापायी आमच्या घरात तो अख्खा हिवाळा टीव्हीचा आवाज लहान ठेवावा लागला.

आईचा या सगळ्याला विरोध होता, आणि तो उगाच नव्हता. तिचे नानाकाका संत्र्याच्या बागेतली माकडं हाकलायला ठासणीची बंदूक उडवत. एक दिवस नळी फुटली आणि त्यांच्या उजव्या हाताची तीन बोटं गेली. आई तेव्हा झाडाखालीच उभी होती. ती कधी त्याचं वर्णन करत नसे. "बंदूक फुटते" एवढंच म्हणायची. बाबा समजावत, "अगं, ते गावठी लोखंड होतं, त्यात दारू जास्त ठासलेली. मटेरियल चांगलं असेल आणि टेस्टिंग नीट असेल तर असं होत नाही." आई म्हणायची, "तुमच्या मटेरियलला काय ठाऊक, कोणाची पोर हातात धरून राहिली ते?" कारण तोवर मीही रेंजवर जाऊ लागले होते. मी सोळा वर्षांची होते. शाळेत माझ्या नावाचे तुकडे करून हाक मारणाऱ्या मुलांपेक्षा मला तो कागदी गोल बरा वाटायचा, तो निदान सगळ्यांशी सारखाच वागत असे. माझा नेम चांगला होता. हे मी बढाई म्हणून सांगत नाही, बाबांनी मोजून सांगितलं होतं.

बाबांचा एक नियम होता, आणि तो त्यांनी माझ्याकडून पाढ्यासारखा पाठ करून घेतला होता: पिस्तुलात काहीही बदललं की आधी एक, मग दोन, मग भरून. म्हणजे नवा भाग बसवला की मॅगझीनमध्ये प्रथम एकच गोळी घालायची. मग दोन घालून बघायचं, चाप एकदा ओढल्यावर एकच उडते ना. खिट्टी नीट अडकली नाही तर घोडा आपणहून पडतो आणि एका चापाला दोन गोळ्या जातात. पहिलीचा नेम तुमचा असतो. दुसरी जाते तेव्हा हात झटक्यानं वर उडालेला असतो, ती कुठे जाईल ते देव जाणे. "आणि काहीच बदललं नसेल तर?" मी विचारलं होतं. "मग काळजी कसली?" बाबा म्हणाले.

त्या वर्षी दसरा रविवारी आला. शनिवारी खंडेनवमी. आई खंडेनवमी जोरात करायची. जेवणाच्या टेबलावर पाट, पाटावर तिचं शिवणयंत्र, विळी, बाबांचा मायक्रोमीटर, माझा कॅल्क्युलेटर, गाडीची किल्ली, आणि भिंतीला टेकवून बर्फ ओढायचं फावडं. सगळ्यांना हळदकुंकू, अंगणातला झेंडू, आणि वर भरपूर अक्षता. फावड्यावरचं कुंकू जानेवारीपर्यंत टिकत असे, आणि पोस्टमन ते रक्त समजून एकदा दचकला होता. बाबांनी चहा पिता पिता खडा टाकला, "आणि आमचं शस्त्र? खरं म्हणजे आज मान त्याचाच." आईनं निरांजन खाली ठेवलं. "त्याला मी बोट लावणार नाही. तुमची हौस तुम्ही पुजा." बाबा हसले. मला वाईट वाटलं, कारण दुसऱ्या दिवशी शेजारच्या क्लबशी सामना होता आणि त्यात मी बाबांच्या पिस्तुलानं पहिल्यांदा उतरणार होते. आईला ते माहीत होतं. ती त्याबद्दल एक शब्द बोलली नव्हती.

रविवारी सकाळी आम्ही निघालो तेव्हा ती दारात आली. आम्ही रेंजवर जात असू तेव्हा ती एरवी स्वयंपाकघरातून हलत नसे, भांडी जोरात घासून निषेध नोंदवत असे. त्या दिवशी तिनं माझ्या तळहातावर दही-साखर घातली. "यू नेव्हर डू दिस, आई," मी म्हटलं. "खा मुकाट्यानं," ती म्हणाली. मग बाबांना म्हणाली, "पोरीच्या मागेच उभे राहा. दूर जाऊ नका." बाबा म्हणाले, "सीमोल्लंघन करून, सोनं घेऊन येतो." गाडी वळेपर्यंत ती दारातच उभी होती.

रेंज म्हणजे एक लांबट मोकळं मैदान, टोकाला मातीचा उंच बांध, आणि बांधापलीकडे मका. कापणीचे दिवस होते. बांधाआड कुणाचंतरी कापणीयंत्र चालू होतं. ते दिसत नव्हतं, पण त्याची घरघर सकाळपासून कानात बसली होती, गिरणीजवळ राहणाऱ्या माणसाच्या कानात बसावी तशी. हवा थंड होती, डब्यात आईनं दिलेली पुडाची वडी होती, आणि बाबा त्यांच्या ठेवणीतल्या जाकिटात होते. त्यांनी पिस्तुलाची पेटी उघडली. पिस्तूल ते नेहमी स्लाइड मागे ओढून, मॅगझीन बाहेर काढून ठेवत, उघड्या तोंडानं, म्हणजे रिकामं आहे हे आंधळ्यालाही कळावं. त्यांनी ते तपासलं, नळीतून आकाशाकडे पाहिलं, मला दिलं. काहीच बदललं नव्हतं. त्यांनी मॅगझीन पूर्ण भरलं.

पहिल्या काही गोळ्या छान गेल्या. कागदावरची भोकं एकमेकांच्या अंगावर पडत होती, आणि अर्ल काका मागून हळूच "गुड, गुड" म्हणत होते. मी श्वास सोडला, चाप ओढला, आणि हातात काहीतरी भलतंच झालं. एक धक्का बसतो तिथे दोन बसले, एकात एक शिरल्यासारखे. मनगटं वर उडाली, नळी आभाळाकडे. आवाज एकच लांबलचक ऐकू आला. मला कळलंच नाही की दुसरी गोळी गेली. कळलं ते बाबांना. त्यांनी मागून माझं मनगट धरलं, इतकं घट्ट की दुखलं, पिस्तूल बांधाच्या दिशेला धरून ठेवलं आणि म्हणाले, "बोट बाहेर. मंजू, बोट बाहेर." अर्ल काका ओरडले, "सीझ फायर!" सगळी रेंज गप्प झाली.

आणि त्या शांततेत लक्षात आलं की बांधापलीकडची घरघरही थांबली आहे.

तेव्हा मला काय वाटलं ते आजही नीट सांगता येत नाही. मी यंत्र सुरू होण्याची वाट बघत होते. सगळेच बघत होते, कानांवरची संरक्षणं काढून, माना बांधाकडे करून. ते सुरू होईना. अर्ल काकांनी बाबांकडे पाहिलं, आणि दोघं अर्ल काकांच्या ट्रकमधून बांधापलीकडे गेले. मला बाकावर बसवलं. कुणीतरी माझ्या खांद्यावर कोट टाकला, कुणी कोक आणून दिला. मी मनात रामरक्षा म्हणू लागले, तर मला मधला श्लोक आठवेना, म्हणून पहिलाच पुन्हा पुन्हा म्हणत राहिले. आपण माणूस मारला आहे, आणि घरी आई श्रीखंड करते आहे, या दोन गोष्टी माझ्या डोक्यात शेजारी शेजारी बसल्या होत्या.

खूप वेळानं घरघर पुन्हा सुरू झाली. मी रडायला लागले ते तेव्हा.

शेतकऱ्याच्या यंत्रात मक्याची ताटं अडकली होती, म्हणून त्यानं ते बंद करून खाली उतरून साफ केलं, एवढंच. त्याला गोळीचा पत्ताही नव्हता. पण शेताच्या कडेला त्याची मका भरलेली गाडी उभी होती, आणि तिच्या पत्र्याला एक गोल भोक पडलं होतं. बाबा पोचले तेव्हा त्या भोकातून मक्याचे दाणे एकेक करून खाली पडत होते. तो माणूस थोड्या वेळापूर्वी तिथेच टेकून सिगरेट ओढत होता. हे मला त्या दिवशी नाही, पुष्कळ वर्षांनी अर्ल काकांनी सांगितलं. त्या दिवशी ते बाबांना एवढंच म्हणाले, "डॉक, मला कारण हवं. कारण कळेपर्यंत ते पिस्तूल इथे येणार नाही."

गाडीत बाबा स्टिअरिंगशी बोलत होते. "काय बदललं? खिट्टी तीच. स्प्रिंग तीच. गोळ्या त्याच खोक्यातल्या. काय बदललं?" मी खिडकीबाहेर बघत होते. घरी आईनं दार उघडलं, माझा चेहरा पाहिला आणि हातातला डाव तसाच धरून उभी राहिली. "पोरीला लागलं?" "नाही. कुणालाच नाही," बाबा म्हणाले, "पण एका चापाला दोन गेल्या. थांब, कारण सापडू दे, मग बोलू." ते सरळ खाली गेले. मी मागोमाग गेले, कारण मला आईजवळ एकटीनं थांबायची हिंमत नव्हती.

त्यांनी वर्तमानपत्र पसरलं आणि पिस्तूल सुटं केलं. मी टॉर्च धरला. एकेक भाग पुसून ते ओळीत मांडत होते, आणि वर आईची पावलं ओट्यापासून टेबलापर्यंत जात येत होती. खिट्टी भिंगाखाली धरली, तिची कड आरशासारखी होती. बाबांचा चेहरा उतरला. दोष दिसला असता तर त्यांना बरं वाटलं असतं. मग त्यांनी चापामागची पट्टी बाहेर काढली, आणि कागदावर काहीतरी बारीक पडलं. चिमट्यानं त्यांनी ते उचललं. तेलानं पारदर्शक झालेला, एका टोकाला चेपलेला, दुसऱ्या टोकाला लाल.

"दॅट्स राइस," मी म्हटलं.

तो लाल रंग कुंकवाचा होता हे कळायला भिंग लागत नव्हतं. पेटीची दुसरी किल्ली आईकडे असे, बाबांनीच दिलेली. जिनं बोट लावणार नाही म्हणून सांगितलं होतं तिनं शनिवारी कधीतरी खाली येऊन, पेटी उघडून, उघड्या तोंडाच्या त्या पिस्तुलाला हळदकुंकू वाहिलं होतं, वर अक्षता टाकल्या होत्या, माझ्यासाठी जे काय मागायचं ते मागितलं होतं, आणि मग आम्हाला कळू नये म्हणून सगळं स्वच्छ पुसून ठेवलं होतं. दिसलं तेवढं. एक दाणा आत गेला आणि पहिल्या गोळ्यांच्या धक्क्यांनी सरकत चापाच्या पट्टीमागे जाऊन बसला. तिथे त्यानं खिट्टी जरा ढकलून धरली.

वर काहीतरी खाली ठेवल्याचा आवाज झाला. बाबांनी छताकडे पाहिलं. मग त्यांनी तो दाणा चिमट्यातून तळहातावर घेतला, कपाळाला लावला, आणि तोंडात टाकून गिळला, तेलासकट. मी "बाबा!" म्हणून ओरडले. ते म्हणाले, "खिट्टी मी जास्त घासली होती. चूक माझी." "पण बाबा, आय सॉ..." "मंजू," ते म्हणाले, आणि इतक्या हळू आवाजात ते माझ्याशी कधीच बोलले नव्हते, "नानाकाकांच्या वेळी ती लहान होती. आता हे तिच्या डोक्यावर नको."

जेवताना त्यांनी आईला तेच सांगितलं. खिट्टी जास्त घासली गेली, माझा अंदाज चुकला. आई "मी म्हटलं नव्हतं?" असं म्हणेल याची मी वाट बघत होते. तिनं श्रीखंड वाढलं. त्यांना आग्रह केला, तोही दोनदा. पुढच्या रविवारी त्यांनी क्लबमध्ये सगळ्यांसमोर हेच सांगितलं. माणसं चांगली होती, कुणी टाकून बोललं नाही. पण त्यानंतर त्यांच्या टेबलासमोर कुणी पिस्तूल घेऊन उभं राहिलं नाही, आणि डॉक म्हणणंही हळूहळू बंद झालं. बाबांनी ते फॉर्टी-फाइव्ह सुटं करून भाग कॉफीच्या डब्यात टाकले. अर्ल काका मात्र शेवटपर्यंत आमच्या ड्राइव्हवेवरचं बर्फ ओढून देत, त्याच कुंकू लागलेल्या फावड्यानं. मी पुढे कॉलेजात पुन्हा नेमबाजी केली. चाप ओढताना दर वेळी कान त्या घरघरीकडे असायचा. खरं सांगायचं तर तो अजूनही असतो.

एक गोष्ट मात्र बदलली होती. पुढच्या खंडेनवमीला आईनं अक्षता ठेवल्या नाहीत. गंध, फूल, निरांजन, सगळं होतं, तांदूळ नव्हते. मी विचारणार होते, तेवढ्यात बाबा म्हणाले, "मंजू, घंटा वाजव." ज्या माणसानं दह्यापासून जॉमेट्रीपर्यंत सगळ्याला जाब विचारला, त्यानं त्यानंतर सगळ्या खंडेनवम्या बिनअक्षतांच्या पाहिल्या आणि काय बदललं ते एकदाही विचारलं नाही.

बाबा गेले त्या वर्षी आई माझ्याकडे मॉरिसव्हिलला राहायला आली. खंडेनवमीला मी पाट मांडला आणि त्यावर बाबांचा मायक्रोमीटर ठेवला. आई खुर्चीवरून म्हणाली, "अक्षता घे." मी तिच्याकडे पाहिलं. तिनं वाटीत तांदूळ घेतले, कुंकू कालवलं, आणि वर न पाहता विचारलं, "दाणा कुठे सापडला होता गं? चापाकडे?"

मी निरांजन पाटावर ठेवलं. "तुला माहीत होतं? बाबांनी सांगितलं?"

"ते काय सांगतात," आई म्हणाली. "जेवताना म्हणाले, जास्त घासलं गेलं. त्यांच्या हातून! पोळीची जाडी मोजणारा माणूस तो. खोटं बोलायची सवय नाही अन् बोलायला गेले." तिनं मायक्रोमीटरवर अक्षता वाहिल्या, आणि एक दाणा पाटाच्या कडेला घरंगळला तो उचलून पुन्हा नीट मधोमध ठेवला. "अन् त्या दिवशी खालून वर आले, तर काय बदललं म्हणून विचारलंच नाही मला. मी डाव घेऊन उभी होते, सांगायला."